येथे जेवण वाटू नये

मी पाटी बोलतेय. शाळेतल्या मुलांची नव्हे, रस्त्यावरची. पत्र्याची, दोन लोखंडी पायांवर उभी असलेली. समोर सरकारी दवाखान्याचं फाटक, पाठीशी चष्म्याचं दुकान आणि मधल्या रुंद फुटपाथवर मी. आम्हा पाट्यांचं एक दुःख असतं. आपल्या अंगावर काय लिहिलंय ते आपल्याला दिसत नाही. वाचणाऱ्याचं तोंड बघून अंदाज बांधायचा.

माझ्यावर पहिल्यांदा लिहिलं गेलं ते ‘येथे वाहने उभी करू नयेत’. पालिकेच्या कार्यशाळेत एका पेंटरनं जीव ओतून अक्षरं काढली. मला इथे रोवलं, सिमेंट वाळलं, आणि त्याच दिवशी एकानं माझ्याच पायाला स्कूटर टेकवून ठेवली. पुढे तीन वर्षं कुणीही मला जुमानलं नाही. मीही मनाला लावून घेतलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

त्या तीन वर्षांत मी आत्यांना पाहिलं.

आत्या म्हणजे दवाखान्याच्या स्वयंपाकघरात उभं आयुष्य घालवलेली बाई. निवृत्त झाल्या, पण हाताला मोठ्या भांड्याची सवय लागलेली. रोज सकाळी साडेआठला त्या दोन चाकांची हातगाडी ढकलत यायच्या. गाडीत झाकणाचं पातेलं, त्यात गरम डाळ-भात, वर उकडलेल्या अंड्यांची टोपली. फुटपाथवर, पुलाखाली, दवाखान्याच्या भिंतीकडेला झोपणारी चाळीसेक माणसं माझ्यापासून फाटकापर्यंत रांग लावायची. आधी हात धुवायचे, मग ताटली. हात न धुता कुणी पुढे आलं, की आत्या पळी वर धरून नुसत्या बघत राहायच्या. तो मुकाट्यानं मागे फिरायचा.

रांगेत पहिला मान पेपरकाकांचा. हा माणूस पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. छापखाना बंद पडला, बायको गेली, भाड्याची खोली गेली, आणि उरला तो वाचायचा नाद. रद्दीतले पेपर गोळा करून ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यांना साखरेचा आजार होता. डाव्या पायाची दोन बोटं कापलेली. इंजेक्शनची बाटली थंडाव्यात ठेवायची, तर फुटपाथवर थंडावा कुठला? म्हणून ते रोज आठला दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचे आणि लंगडत माझ्यापाशी यायचे. इंजेक्शनमागे लगेच पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर रक्तातली साखर एकदम उतरते, हे आत्यांना ठाऊक होतं. रांगेलाही ठाऊक होतं. काकांच्या आधी कुणी ताटली पुढे केली नाही.

सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. ताटल्या कधी गटारात पडायच्या. उंदीर माजले होते. चष्मेवाल्याच्या शटरवर सकाळी सकाळी लघवीचा ओघळ असायचा आणि तो बिचारा स्वतः बादली घेऊन धुवायचा. गिऱ्हाईक दारापर्यंत येतं, रांग बघतं आणि मागे फिरतं, असं तो पालिकेला लिहून लिहून दमला. माणूस वाईट नव्हता. थंडीत त्यानं काकांना जुन्या फ्रेमचा चष्मा फुकट करून दिला होता. पण त्याचंही पोट त्याच दुकानावर होतं.

मग एका रविवारी मोठी गाडी आली. कुठल्याशा समारंभात उरलेलं जेवण डब्यांतून आणलं होतं. गाडीतल्यांनी वाढलं, फोटो काढले आणि गेले. दुपारपर्यंत रांगेतली अकरा माणसं ओकून ओकून दवाखान्यात भरती झाली. त्यातली एक म्हातारी परत आली नाही.

त्यानंतर आठ दिवसांत पेंटर शिडी घेऊन आला. त्यानं माझा जुना मजकूर पांढऱ्या रंगानं पुसला आणि वर लाल अक्षरं काढली. ओल्या रंगाचा वास मला आवडला. वाटलं, चला, कुणी तरी आठवण ठेवली.

दुसऱ्या दिवशी रांग लागली. कुणीतरी म्हणालं, काका, पाटीवर काय आलंय बघा. काकांनी चष्मा नीट केला आणि नेहमीच्या थाटात सुरुवात केली, “आजच्या ठळक बातम्या.” माझ्याकडे बघतच राहिले. “येथे जेवण वाटू नये. वाटणाऱ्यावर कारवाई होईल. हुकमावरून.”

माझ्या अंगावर काय आहे ते मला तेव्हा कळलं.

आत्या आल्या तेव्हा आरोग्य निरीक्षक जीपपाशी उभे होते. सडपातळ, पित्तानं हैराण झालेला माणूस. बोलताना पोटावर हात ठेवायची सवय. त्यांनी समजावून सांगितलं, की शहराबाहेरच्या गोदामात पालिकेनं अन्नकेंद्र काढलंय. स्वच्छ आहे, पंखे आहेत, डॉक्टरनं तपासलेलं अन्न आहे. आत्यांनी विचारलं, तिथे जायचं कसं? दोन बस बदलून. आणि आत शिरायला? कार्ड लागतं. कार्डाला? राहत्या जागेचा पत्ता.

रांगेतली शालवाली म्हातारी हसली. बाकी कुणी हसलं नाही.

निरीक्षक खाली बघून म्हणाले, “आत्या, तुमच्या पातेल्यात दोष नाही हे मला माहीत आहे. पण एकेकाचं पातेलं बघून हुकूम काढता येत नाही. गेली ती म्हातारी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.”

आत्यांनी गाडी वळवली. पण दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. हातात एकच डबा. निरीक्षकांनी अडवलं तेव्हा त्यांनी काकांकडे बोट दाखवलं. “हा माझा भाऊ आहे. भावाला डबा आणायला मनाई लिहिलीय का तुमच्या पाटीवर?”

निरीक्षकांनी पोटावर हात ठेवला. रांगेकडे पाहिलं, चष्म्याच्या दुकानाकडे पाहिलं. “एकच भाऊ,” ते म्हणाले. “डबा द्यायचा आणि निघायचं. इथे उभं राहिलात तर मला कारवाईचा कागद करावा लागेल.”

त्या दिवसापासून काका त्यांना ताई म्हणू लागले.

आता मी जे पाहिलं ते सांगते. मला बोलता येत असतं, तर तेव्हाच आत्यांना हाक मारून सांगितलं असतं.

सगळी माणसं काही गेली नव्हती. काही बसनं अन्नकेंद्रापर्यंत गेली आणि कार्ड नाही म्हणून परत आली. काही दुसऱ्या चौकात भीक मागायला लागली. दहा-बाराजण, ज्यांना चालवतच नव्हतं, ती इथेच माझ्या मागच्या कट्ट्यावर बसून राहायची. आत्या डबा देऊन कोपऱ्यावरून वळल्या, की काका झाकण उघडायचे. एकट्यानं खायचे कसे? त्यांनी पहिला घास उचलला आणि शालवालीकडे नजर गेली. ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती. काकांनी घास खाली ठेवला आणि डबा फिरवला.

पहिल्या दिवशी अर्धा डबा फिरला. चौथ्या दिवशी पूर्ण. काकांच्या वाट्याला चार घास आणि अंड्याचा तुकडा. शालवालीनं एकदा रागावून म्हटलं, तुम्ही सुई टोचून घेता, तुम्ही आधी खा. काका म्हणाले, “अगं, छापखान्यात सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे. सवय आहे.” आत्या रोज जाता जाता विचारायच्या, काल पोटभर जेवलास ना? आणि ते न चुकता म्हणायचे, हो ताई, ढेकर दिला.

अकराव्या दिवशी काका पेपर वाचता वाचता अडखळले. एकच ओळ त्यांनी दोनदा वाचली. हात थरथरत होते, कपाळावर घाम. शालवालीला वाटलं, ऊन लागलं. त्यांनी माझ्या पायाला पाठ टेकली. त्यांच्या पाठीचा ओला गारवा मला लोखंडातून कळत होता. समोर तीस पावलांवर दवाखान्याचं फाटक होतं. साखरेची एक पुडी त्यांना वाचवू शकली असती. पण बघणाऱ्यांना वाटलं, झोपलाय. फुटपाथवर झोपलेल्या माणसाला कोण उठवतं?

चष्मेवाला दुपारी दुकान बंद करायला बाहेर आला. त्यानं नाडी पाहिली. मग तो धावतच फाटकात शिरला, पण धावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पंचनाम्याला पोलिसांबरोबर निरीक्षकांनाही यावं लागलं, कारण जागा त्यांच्या हद्दीतली. आत्यांना कुणीतरी बोलावून आणलं. शालवालीनं त्यांना डब्याचं सगळं सांगितलं. आत्या रडल्या नाहीत. त्या खाली बसल्या आणि काकांचा चष्मा पदरानं पुसत राहिल्या, जणू काचेतच सगळा दोष होता.

देह ताब्यात घ्यायला नातेवाईक लागतो. निरीक्षकांनी कागद पुढे केला आणि हळूच विचारलं, “नातं काय लिहू?”

“तुम्हीच मान्य केलं होतंत,” आत्या म्हणाल्या.

निरीक्षकांनी ‘बहीण’ लिहिलं. लिहिताना पेन दोनदा अडलं. आत्यांनी सही केली आणि जाताना एवढंच म्हणाल्या, “मला चाळीसातून एक निवडायला लावलंत तुम्ही. तो मला निवडता आला, पण त्याला स्वतःला निवडता आलं नाही.”

निरीक्षकांनी पुढे बदली मागून घेतली असं ऐकते. आत्या पुन्हा या चौकात आल्या नाहीत. शालवाली कुठे गेली ते मला माहीत नाही. माझी नजर फुटपाथपलीकडे पोहोचत नाही.

आता इथे सगळं स्वच्छ आहे. उंदीर कमी झालेत, शटर कोरडं असतं. चष्मेवाल्याचं गिऱ्हाईक वाढलं, पण तो सकाळी दार उघडताना माझ्याकडे बघत नाही. माझ्या तळाला गंज धरलाय. लाल रंग मात्र पक्का आहे, पावसानं एक अक्षरही सुटलं नाही. गाड्या उभ्या करू नका म्हणत होते तेव्हा कुणी ऐकलं नाही. हे मात्र सगळ्यांनी ऐकलं.

मला उपटून टाका असं मी म्हणत नाही. ओकून ओकून गेलेली ती म्हातारीही मी पाहिली आहे. पण वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणाची पालिकेत ओळख असेल, तर एवढं करा. माझ्या खालच्या अंगाला हातभर पत्रा कोरा आहे. जेवण इथे मिळणार नसेल, तर कुठे मिळेल ते तिथे लिहा. किती वाजता मिळेल ते लिहा. आणि ते लिहिण्याआधी, दोन बोटं नसलेल्या पायानं तिथवर एकदा चालून बघा.