मोठ्यांचं अक्षर मोठं

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या स्नेहवर्धक मंडळाची वेबसाइट करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कॉम्प्युटरला न भिणारी आणि कुणाला 'नाही' म्हणता न येणारी मी एकटीच. वाटलं होतं, भांडणं मजकुरावरून होतील. मजकूर कुणी वाचलाच नाही. भांडणं झाली ती अक्षरांच्या आकारावरून.

कार्यकारिणीचं पान बघून अध्यक्ष यज्ञेश्वरकाका म्हणाले, "माझं नाव इतकं बारीक काहून? मी अध्यक्ष आहो का पाहुणा?" मी ते वाढवलं. मग उपाध्यक्ष प्रतापकाका रुसले. त्यांचं वाढवलं, तर यज्ञेश्वरकाकांना आपलं ठळक हवं झालं. लगेच प्रतापकाकांना ठळक आणि वर लालही. बैठकीतले पोहे गार झाले, माझं डोकं मात्र तापलं.

"हे पाहा, काका," मी म्हणाले, "एकच नियम करून टाकू. जो वयानं मोठा, त्याचं अक्षर मोठं. जन्मतारखा सगळ्यांच्या आहेतच माझ्याजवळ, साइज आपोआप लागून जाते, त्या-त्या पानावर थोरल्याची सगळ्यात मोठी, धाकट्याची सगळ्यात बारीक. सगळ्या पानांवर हेच."

थोरांना मान म्हटल्यावर कोण नको म्हणणार? 'हव, हव' करत माना डोलल्या. अडल्या त्या फक्त शांताबाई. मंडळातली निम्मी लग्नं त्यांनीच जमवलेली.

"शुभमंगलच्या पानावर हे नाही चालत," त्या म्हणाल्या. "तिथं लग्न ठरलेल्या जोड्या राहतात. नवरा-नवरीचं अक्षर सारखंच पाहिजे. नाही तं पहिल्या दिवसापासून महाभारत."

तेवढं सोडून बाकी सगळीकडे मी नियम लावला आणि आपल्या हुशारीवर जाम खूश झाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे तेव्हा आठवलं नाही.

आता खरी गोष्ट सांगते. मंडळाच्या वधू-वर विभागात मीही आहे. आईच्या हट्टामुळे वयाची जागा कोरी. त्याच विभागात शिशिर आहे, नव्या रायपुरात नोकरीला, माझ्याहून चांगला पाच वर्षांनी लहान. संक्रांतीच्या कार्यक्रमात मी निवेदन करत होते, तेव्हा माझ्या विनोदांना हसणारा तो एकटाच. मला तो आवडतो. फार आवडतो. वय कळायच्या आधी त्यानं मला जरा ओळखावं, एवढंच मला हवं होतं.

वेबसाइटचं उद्घाटन गणपतीत झालं, भरल्या सभागृहात, भल्यामोठ्या पडद्यावर. आधी कार्यकारिणीचं पान उघडलं. प्रतापकाका वयानं थोरले निघाले आणि फुलून आले. यज्ञेश्वरकाका शेजाऱ्याला सांगू लागले, की शाळेत मास्तरांनी त्यांची तारीख चुकीची टाकली होती. मी गालातल्या गालात हसत होते. तेवढ्यात माउस हातात असलेल्या यज्ञेश्वरकाकांनी वधू-वरचं पान उघडलं.

वर पंचविशीतल्या मुली, मुंगीएवढ्या अक्षरांत. काका पान खाली सरकवत गेले आणि मी आले. 'संपदा' या कडेपासून त्या कडेपर्यंत. आडनाव तर खालच्या ओळीत घसरलेलं. समोरच्या रकान्यात शिशिर, बिचारा, डोळे बारीक करून वाचावा लागेल असा.

नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. मागच्या रांगेत लोक बोटांवर हिशेब करू लागले. आईनं पदर तोंडाला लावला.

"वा!" प्रतापकाका कौतुकानं ओरडले. "आपली पोट्टी तं आपल्या बरोबरीची निघाली!"

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. तिनं घेतलं नाही, म्हणून मी बाहेर पळाले. दाराशी चपला शोधत होते, डोळे भरल्यामुळे एकही सापडत नव्हती. मागून शिशिर आला.

"एक शिकायत होती, संपदाजी."

"बोला. आज सगळ्यांचीच आहे."

"तुमच्या नावासमोर माझं नाव फारच बारीक दिसून राहिलं."

"तुम्ही लहान आहात माझ्याहून. पाच वर्षांनी." आता लपवायला उरलं काय होतं?

"हव, दिसलं मले. सगळ्या हॉलले दिसलं." त्यानं माझी चप्पल ढिगातून काढून पुढे ठेवली. "पण शांताबाई म्हणत होत्या, एका पानावर दोघांचं अक्षर सारखं राहते. कोणतं पान ते?"

पान मला ठाऊक होतं. ते मीच केलं होतं.

"शुभमंगल," मी म्हणाले, इतक्या बारीक आवाजात, की त्याला वाकून ऐकावं लागलं.

"हव," तो म्हणाला. "मग आपलं तिथंच टाका."