शिडाचा डगला

मी एक जुना डगला आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो की मला कोट म्हणू नका. कोटाला खिसे असतात, गुंड्या असतात, आत अस्तर असतं. माझ्याकडे यातलं काही नाही. मी जाडाभरडा आहे, खरखरीत आहे, आणि गिरगावातल्या एका वाडीत दाराआडच्या खुंटीवर लोंबकळत म्हातारा झालो आहे.

माझा जन्म एका गलबताच्या फाटक्या शिडातून झाला. ते शीड माझगावच्या गोदीतून मागून आणलं कायतानने. कायतान हा गोव्याचा तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी. तरुणपणी बोट सोडून तो ब्राझील देशात राहिला होता आणि तिथे ज्युजुत्सू शिकला होता. ही विद्या मूळची जपानची, पण ब्राझीलच्या लोकांनी तिला जमिनीवर लोळायला शिकवलं, असं तो सांगे. वय झाल्यावर तो मुंबईला परतला आणि धोबीतलावाला गोवेकर खलाशांची उतरण्याची जागा असते, कूड म्हणतात तिला, तिथे राहू लागला. एका कामासाठी तो फोर्टातल्या वकिलाच्या कचेरीत गेला, तिथे मनमोहन कारकून होता, आणि दोघांचं जमलं. मनमोहन आणि त्याचा धाकटा भाऊ बंडू संध्याकाळी कुडात जाऊन काथ्याच्या गादीवर कायतानकडे शिकू लागले.

ही कुस्ती अंगात जाड डगला घालून खेळतात, त्यालाच धरून एकमेकांना पाडतात. मनमोहनला कायतानने स्वतःचा जुना डगला दिला. बंडूसाठी मी शिवला गेलो. शिंप्याने कापड बघूनच हात जोडले, "सुया मोडतील माझ्या!" म्हणाला. तेव्हा मनमोहनच्या बायकोने, उर्मिलाने, दाभण घेतलं आणि गोणपाट शिवावं तसं मला शिवलं. कमरेला बांधायला तिने आपल्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडून दिला.

"वहिनी, हिरवा पट्टा?" बंडू म्हणाला. "समोरचा म्हणेल, हा कुस्तीला आलाय की हळदीकुंकवाला?"

"हळदीकुंकवाला आलात असंच सांगा, भावजी. निदान हाडं तरी शाबूत राहतील," उर्मिला म्हणाली.

मित्रांनो, बंडूच्या अंगात मी फार सुखात होतो. तो ओढायचा, घामाने भिजवायचा, पण गादीवरून उठला की झटकून घडी घालायचा. वस्तूला याहून जास्त काय हवं असतं?

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. बंडू ऑफिस सुटलं की भित्तिपत्रकं घेऊन लालबाग-परळला जायचा. तिथे त्याची गणपतशी गाठ पडली. गणपत मालवणकडचा, गिरणीत कामाला आणि अप्पा वस्तादांच्या तालमीतला नावाजलेला पैलवान. त्याची पाठ कधी मातीला लागली नव्हती, आणि ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचाच. एकाने खळ लावायची, दुसऱ्याने कागद चिकटवायचा, असं करता करता दोघांची घट्ट दोस्ती झाली. मग ज्युजुत्सूची गोष्ट निघाली.

"पाठ टेकून कुस्ती?" गणपत पोट धरून हसला. "मेल्या, तिका आमच्यात झोप म्हणतत!"

"नागपंचमीला येतो तुमच्या तालमीत," बंडू म्हणाला. "मी झोपतो आणि तुला पालथा पाडतो. शब्द दिला, जा!"

नागपंचमीला तालमीत कुस्त्या होतातच. गणपतने टाळी दिली. मी तेव्हा बंडूच्या काखेत होतो, म्हणून मला हे सगळं ठाऊक.

नागपंचमी यायच्या आधी जानेवारी आला. दोघे भाऊ कुडातून घरी निघाले होते. ठाकूरद्वारच्या अलीकडे अश्रुधुराने रस्ता पांढरा झाला होता, माणसं सैरावैरा पळत होती, आणि मग पोलिसांचा गोळीबार सुरू झाला. बंडू खाली बसला. तसाच मागे कलंडला. मी त्याच्या काखेतून निसटून ट्रामच्या रुळापाशी पडलो. मनमोहनने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"दादा, पाठीला गार लागतंय रे," बंडू म्हणाला.

मनमोहन नुसता "हो, हो" म्हणत राहिला. मी हाताच्या अंतरावर होतो. एवढा जाड, एवढा रुंद, त्याच्याच मापाचा. पण अशा वेळी कपड्याकडे कोण बघतं? आणि मला काही हातपाय नाहीत. थोड्या वेळाने बंडूची मान मनमोहनच्या हातावर कलली. बस, एवढंच. मला कुणीतरी उचलून घरी आणलं आणि खुंटीवर अडकवलं.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. मनमोहन रडला नाही. दिवस झाले, तो कचेरीत जाऊ लागला. जेवायला वाढलं की जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. एकदा उकळता चहा त्याच्या मांडीवर सांडला.

"अहो, भाजलं ना!" उर्मिला धावली.

"सांडला का?" तो म्हणाला आणि कप खाली ठेवला.

मी खुंटीवरून बघत होतो. मी जाड कापड आहे, मला फारसं काही लागत नाही, पण तो तर माणूस होता ना! उर्मिला न्हाणीघरात जाऊन रडायची. एक दिवस तिने त्याला हलवून हलवून विचारलं, "अहो, काही वाटतं की नाही तुम्हाला?" त्याने बराच विचार केला आणि खरं ते सांगितलं, "नाही."

नागपंचमीच्या आदल्या दिवशी गणपत दाराशी आला. टोपी हातात धरून अवघडून उभा राहिला.

"बंडूने शब्द दिलो होतो," तो म्हणाला. "मी काय मागूक नाय इलंय. तो शब्द मी सोडलंय, एवढाच सांगूक इलंय."

"सोडायचा कशाला? मी येतो," मनमोहन म्हणाला. आवाजात राग नव्हता, दुःख नव्हतं, काहीच नव्हतं. त्याने मला खुंटीवरून काढलं. खांद्यात मी त्याला घट्ट होत होतो. उर्मिलाने शिवण उसवून सैल करू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाला. ती माझ्यावरून हात फिरवत पुटपुटली, "हरा नाहीतर जिंका, पण माणसासारखे परत या."

लालबागच्या त्या तालमीचा हौदा तांबड्या मातीचा. ताक, तेल, हळद घालून ती माती लोण्यासारखी मऊ केलेली. भोवती चाळीतले लोक दाटीवाटीने उभे, एका कोपऱ्यात हलगी. आधी नियमांवरून खडाजंगी झाली.

"पाठ टेकली की कुस्ती संपली," अप्पा वस्ताद म्हणाले. त्यांचा पंचाहत्तरीचा आवाज अजून खणखणीत होता.

"न्हय रे बाबा! पाठ टेकली की आमची सुरू होता," कायतान म्हणाला.

शेवटी ठरलं की जो हात आपटेल किंवा 'पुरे' म्हणेल तो हरला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण डोक्यात भिनलेली गोष्ट मान डोलावून जाते होय?

गणपत लंगोटावर, मनमोहनच्या अंगात मी. म्हणजे गणपतला धरायला मी, आणि मनमोहनला धरायला नुसता घाम. गणपतने माझी गळपट्टी पकडली, वाकला, आणि धोबीपछाड मारली. मनमोहन धप्पकन उताणा पडला.

"चीत! चीत!" एकच कल्लोळ झाला. हलगी वाजू लागली. गणपतने सवयीने हात सोडला, दोन्ही बाहू वर केले आणि लोकांना नमस्कार करायला वळला. मागे मनमोहन पाय वर करून तसाच पडलेला.

"खेळ चालू आसा! चालू आसा!" कायतान ओरडला.

गणपत ओशाळून परत आला. "ऊठ की रे!"

"मी कशाला उठू? तू ये खाली," मनमोहन म्हणाला.

लोक हसले. गणपत चिडून अंगावर गेला आणि मनमोहनच्या दोन पायांत सापडला. त्याने मान काढली तर हात अडकला, हात काढला तर तोल गेला. मनमोहनने त्याला बाजूला लोळवलं. आता पाठ लागणार, एवढ्यात गणपत झर्रकन फिरला आणि पोटावर पालथा पडला. बंडूने म्हटलं होतं अगदी तसा.

मित्रांनो, इथे नीट ऐका. कुस्तीत पालथं पडणं म्हणजे घरात जाऊन कडी लावणं. पोट मातीला, पाठ आभाळाला, समोरचा उलटवू दे बापडा! गणपत असा तासभर पडून राहिला असता. पण ज्युजुत्सूमध्ये पाठ दाखवली की मान उघडी पडते. मनमोहन त्याच्या पाठीवर चढला. माझी उजवी बाजू त्याने पट्ट्यातून उपसून काढली, गणपतच्या गळ्याखालून घातली आणि दुसऱ्या हाताने खेचली.

आता गळा आवळत होतो तो मीच. शिडाचं कापड ताणलं जात नाही, आणि उर्मिलाची शिवण तर दोरखंडाच्या तोडीची. गणपतच्या मानेची शीर माझ्या काठाखाली उडत होती. तो हात आपटेना. का आपटेल? पाठ आभाळाकडे असताना आपण हरतो आहोत, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यात शिरतच नव्हतं! ती शीर मंद झाली. मला कळत होतं. मनमोहनला काही कळत नव्हतं. तो चहा सांडला त्या दिवशीसारखाच समोर बघत होता आणि खेचत होता.

"सोड मरे! सोड त्याला!" कायतान ओरडत होता, पण हलगीपुढे त्याचं ऐकतो कोण?

मग गणपतची मान मनमोहनच्या हातावर कलली.

मनमोहनने एकदम हात सोडले. मी सैल झालो. "बंडू," तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि गणपतला उलटवायला लागला, त्याला मोकळा श्वास मिळावा म्हणून.

"उताणा करू नको!" अप्पा वस्ताद हौद्यात उतरले. "पाठ लागेल त्याची! आजवर लागली नाही ती!"

आणि गंमत बघा, हौद्याभोवतीचे शंभर लोकही तेच ओरडू लागले. पोराचा जीव चाललाय आणि यांना पाठीची पडलीय! गणपतचे दोन तालीमवाले मित्र तर त्याला पालथाच दाबून धरायला धावले.

"अप्पा, मरेल हो तो!" मनमोहन किंचाळला. सात महिन्यांत त्याचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्याने हिरवा काठ तोडला, मला अंगातून ओरबाडून काढलं, मातीवर पसरलं, आणि गणपतला माझ्यावर उताणा केला. "बघा! पाठ लागलेली नाही! खाली डगला आहे. मातीला लागलेली नाही!"

अप्पा वाकले. त्यांनी माझ्या कडेकडेने बोटं फिरवून खरंच तपासलं. मग "बरोबर आहे," म्हणाले आणि स्वतःच गणपतचे पाय वर धरले.

गणपत खोकला. डोळे उघडले. पहिलं विचारलं ते काय? "माजी पाठ लागली काय रे?"

"नाही," मनमोहन म्हणाला. "खाली बंडूचा डगला आहे."

"मगे तू रडतंस कित्याक?"

मनमोहनच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. मातीने भरलेल्या हातांनी ते पुसत त्याने विचारलं, "पाठीला गार नाही ना लागत तुला?"

"नाय रे," गणपत म्हणाला. "गरम आसा."

त्यावर मनमोहन मातीत बसून ओक्साबोक्शी रडला. कोण जिंकलं ते अप्पांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. हलगीवाला हलगी खाली ठेवून नुसता उभा होता. घरी आल्यावर उर्मिलाने त्याचा चेहरा पाहिला आणि पाणी तापवायला ठेवलं. गरम पाण्याचा तांब्या अंगावर घेताना तो "आई गं, भाजलं!" म्हणाला, आणि ती न्हाणीच्या दाराशी उभी राहून हसता हसता रडू लागली.

पुढे संयुक्त महाराष्ट्र झाला, तेव्हा गणपत पेढे घेऊन आला आणि पहिला पेढा त्याने खुंटीखाली ठेवला. आता कायतान नाही, कुडातली गादीही नाही. माझ्या पाठीवर तांबड्या मातीचा एक डाग आहे, तो उर्मिलाने कधी धुऊ दिला नाही. नवी पोरं येतात, मला बघून नाक मुरडतात, "हे फडकं टाकत का नाही?" म्हणतात. टाकायचं तर टाका बाबांनो, जुन्या वस्तूने हट्ट करू नये.

पण एक मागणं आहे. कुस्ती करा, भांडा, एकमेकांना खुशाल पाडा. मात्र कुणी रस्त्यावर पडलेला दिसला, आपला असो की समोरचा, तर जिंकलं कोण हे मागाहून बघा. आधी अंगावरचं काढा आणि त्याच्या पाठीखाली घाला. खाली फार गार असतं, मित्रांनो. मी तिथे पडून पाहिलं आहे.