बुरुलकानची कुत्र्यांची वही

गावात टपाल वाटायला लागून बुरुलकानला अकरा वर्षं झाली होती, आणि कुत्रं चावायची ही तिसरी वेळ. या खेपेला चावला तो खुद्द सरपंच टोक्तोरबेकचा, मेंढ्या राखणारा धिप्पाड कुत्रा. पोटरीचा लचकाच निघाला. इंजेक्शनांसाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात पाच हेलपाटे झाले. पाचवा उरकून ती घरी न जाता लंगडत थेट गावसभेत जाऊन उभी राहिली.

"कुत्र्याची नोंद करायची, लस टोचायची, गळ्यात बिल्ला घालायचा आणि दिवसा बांधून ठेवायचं, हा नियम आपल्याच सभेनं दोन वर्षांपूर्वी केलाय," ती म्हणाली. "कागद त्या कपाटात धूळ खातोय. काढा बाहेर."

हशा पिकला. "म्हणजे आता कुत्र्यांचेही पासपोर्ट काढायचे म्हणा की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"काढा. चावलं कुणाचं ते तरी कळेल. दर वेळी 'आमचं नव्हतं' ऐकून कान किटलेत माझे."

टोक्तोरबेक तिच्या पोटरीकडे न बघता म्हणाला, "अगं ताई, पण घरोघर फिरणार कोण?"

"मी तशीही फिरतेच."

कुत्र्यांच्या नोंदीची वही तिच्या हाती आली. लस टोचायला गुरांची डॉक्टर मीरिम तयार झाली. पण पहिल्याच गल्लीत एका बाईनं फाटकातूनच सुनावलं, "आधी तुझ्या सासऱ्याच्या तायगानला बिल्ला घाल, मग आमच्या दारात ये."

बाईचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सासरे असानगाझी म्हणजे गावातले जुने शिकारी. त्यांचा बोरून हा उंच, सडपातळ, तायगान जातीचा शिकारी कुत्रा कोल्ह्यामागे वाऱ्यासारखा सुटायचा. दोरी कशी असते हे त्याला ठाऊक नव्हतं. बुरुलकानचा नवरा मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर गेलेला, त्यामुळे मध्ये पडायलाही कुणी नव्हतं.

चहा ओतताना तिनं विषय काढला. सासऱ्यांनी वाडगा बाजूला सारला.

"तायगान कधी कुणाला चावलाय का?"

"नाही, बाबा."

"मग?"

"नियमात 'चावणारा' असं लिहिलेलं नाही. 'प्रत्येक' लिहिलंय."

"सून म्हणून या घरात आलीस तेव्हा मान वर करून बोलत नव्हतीस."

"आजही मान खालीच आहे, बाबा. पण वहीत आपलं घर पहिलं आहे."

म्हातारा उठून गेला. तिनं सगळ्यांना दिली तशी त्यांनाही तीन दिवसांच्या मुदतीची चिठ्ठी दिली. तीन दिवस त्यांनी तिच्या हातची भाकरी खाल्ली नाही. शेजारी बहिणीकडे जेवले. बुरुलकानला रडू यायचं, पण ते ती गोठ्यात दूध काढताना उरकून घ्यायची. चौथ्या दिवशी नियम न पाळणाऱ्यांची यादी तिनं दुकानाच्या दारावर चिकटवली. पहिलं नाव असानगाझी. दुसरं टोक्तोरबेक. पहिलं नावही तिनं वळणदार अक्षरातच काढलं.

गाव दुकानाशी लोटलं. या खेपेला कुणी हसलं नाही. असानगाझी आले, चष्मा लावून यादी वाचली, पुन्हा वाचली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीरिमच्या दारात रांग होती. असानगाझी टोपी नीट करून बोरूनला घेऊन आले. कुत्र्याच्या गळ्यात चामड्याचा गोफ विणलेला पट्टा होता. रात्रभर बसून त्यांनीच विणला होता. रांगेतले लोक बाजूला सरले, पण असानगाझी पुढे गेले नाहीत, शेवटी उभे राहिले.

"पट्टा बाजारातला घेणार नाही," ते सुनेकडे न बघता म्हणाले. "बाजारातला त्याला बोचतो."

"चालेल, बाबा. नियमात फक्त पट्टा लिहिलाय."

म्हाताऱ्याला हसू आलं, ते त्यांनी दाढीत लपवलं.

दुपारपर्यंत टोक्तोरबेकचा धिप्पाड कुत्राही साखळीला बांधून आला. सरपंच तिला म्हणाला, "ताई, आता यादीतलं नाव खोड."

"लस टोचून होऊ दे आधी."

संध्याकाळी असानगाझींनी तिच्या पुढ्यात वाडगा धरला. तिनं चहा ओतला. डोंगराच्या बाजूची सात घरं अजून राहिली होती. तिथली कुत्री सगळ्यांत तापट. तिनं वही पिशवीत घातली, पोटरीवरची पट्टी घट्ट केली आणि सकाळी लवकर निघायचं म्हणून बूट दाराशी काढून ठेवले.