प्रतिमाबेनची जागा

फोन वाजला तेव्हा प्रतिमाचे दोन्ही हात आभाळाकडे होते. कमाटीबागेच्या हिरवळीवर सूर्यनमस्कार चालले होते. शेवटच्या ओळीत, झाडाखाली अंथरलेली चटई तिची. फोन उचलताच शेजारच्या धवलचा आवाज आला, "आंटी, जल्दी या. अंकल पलंगावरून पडले. जोरात बूम मारत होते, म्हणून मी तुम्ही ठेवलेल्या चावीने दार खोललं."

ती चटई तशीच टाकून निघाली.

"शुं थयुं, प्रतिमाबेन?" नयनाबेननी मागून विचारलं.

"घरी मिस्टर पडलेत. त्यांना अर्धांगवायू झालाय," तिच्या तोंडून निघून गेलं.

ती कारेलीबागेतल्या घरी पोचेपर्यंत धवलने वामनरावांना उचलून खुर्चीत बसवलं होतं. लागलं कुठे नव्हतं, पण ते रडत होते. रिफायनरीत एके काळी त्यांच्या नुसत्या हाकेने माणसं धावत यायची. आता एकेक शब्द जुळवताना त्यांची दमछाक व्हायची.

"कु... ठे?" त्यांनी विचारलं.

"बागेत गेले होते हो. योगाला."

ते बघतच राहिले. त्यांना जाग यायच्या आत ती परत यायची, म्हणून हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. आणि बागेत तिने नवऱ्याबद्दल एवढंच सांगितलं होतं, की रिटायर झालेत. त्यांच्या आजारात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण दिवसभर फोनवर, जिन्यात, औषधांच्या दुकानात जो तो तिला पहिल्यांदा "कसे आहेत?" हेच विचारायचा. बागेत लोक तिचा गुडघा कसा आहे ते विचारायचे. सुरतेची बहीण येऊन गेली का, ते विचारायचे. तेवढा वेळ ती कुणाची औषधं लक्षात ठेवत नसे.

त्यानंतर ती बागेत गेली नाही. रविवारी मात्र बागच घरी आली. योग शिकवणारे विक्रमसिंह, नयनाबेन, आणखी दोघीतिघी. हातात फळं, आणि नीट गुंडाळलेली तिची चटई.

"बेन, अमने कहेवुं तो जोईए ने!" तिने सांगितलं नाही याचं विक्रमसिंहांच्या आवाजात खरोखरच दुखावलेपण होतं. मग ते वामनरावांसमोर खाली बसले आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "साहेब, उद्यापासून तुम्ही पण चला. आम्ही समदे आहोत."

"माझी गाडी आहे ने," नयनाबेन म्हणाल्या. "व्हीलचेर डिकीत मावेल."

प्रतिमा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "त्यांना पहाटेची हवा बाधते," ती घाईने म्हणाली. "आणि उठून तयार व्हायलाच त्यांना..."

वामनरावांनी डावा हात वर केला. सगळे त्यांच्याकडे वळले.

"ये... तो," ते म्हणाले.

आजारपणानंतर त्यांनी आपणहून काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला होता. बायकांनी टाळ्या वाजवल्या. प्रतिमाही हसली, आणि कप खाली ठेवला.

संध्याकाळी पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, धवलने सांगितलं मला. किती चांगली माणसं आहेत गं तुझी!"

"हो ना. रसिका, मला ना..."

"बाबांना स्वेटर घाल हं. आणि कानटोपी."

"घालते," प्रतिमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला नेहमीपेक्षा कितीतरी आधी उठावं लागलं. त्यांचं तोंड धुणं, कपडे बदलणं, बूट. बागेत सगळ्यांनी साहेबांचं स्वागत केलं. कुणीतरी त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. खुर्ची हिरवळीवर रुतायला लागली, म्हणून ती पुढे, सिमेंटच्या वाटेवर लावली. वाट जरा उतरती होती आणि खुर्चीचा ब्रेक ढिला. झाडाखालच्या जागेवर एक नवीन मुलगी येऊन बसली होती. प्रतिमा खुर्चीजवळच उभी राहिली.

श्वासाच्या व्यायामात वामनरावांना ठसका लागला. तिने त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी डावा हात सगळ्यांबरोबर वर नेला, आणि तो खांद्याच्या वर गेला तेव्हा विक्रमसिंह मोठ्याने म्हणाले, "वाह, साहेब!"

"आता तर तुमचं टेन्शनच गेलं ने, प्रतिमाबेन!" नयनाबेन चटईवरून म्हणाल्या.

"हो, गेलं," ती म्हणाली.

शेवटी शवासन आलं. विक्रमसिंहांनी आवाज खाली आणला. ओळीच्या ओळी हिरवळीवर आडव्या झाल्या. त्या साऱ्या बागेत ती एकटी उभी होती, दोन्ही हातांनी खुर्ची धरून. झाडांच्या मागून ऊन वर आलं आणि थेट तिच्या डोळ्यांवर पडलं. हात मोकळा नसल्याने तिने नुसती मान वळवली.

वामनरावांनी प्रयत्नाने तिच्याकडे वर पाहिलं. ते हसत होते.

"उद्या... पण," ते म्हणाले.

"हो," तिने म्हटलं, आणि उताराकडे ओढ घेणारी खुर्ची घट्ट धरून ठेवली.