दगडाला कुणाची चरबी

आमच्या डोंगरात ऑगस्टमध्ये जमिनीचं तोंड उघडतं, तेव्हा इल्यालाही भूक लागते. इल्या म्हणजे मुठीत मावणारा दगडी अल्पाका, इंकांच्याही आधी कुणीतरी घडवलेला. त्याच्या पाठीतल्या खळग्यात चरबी आणि कोकाची पानं भरून गोठ्यात पुरला, की कळप वाढतो.

मेल्चोराचा नवरा गेला आणि थडग्यावरची फुलं सुकायच्या आत तिच्या दिरानं, अन्सेल्मोनं, तिचा इल्या उकरून नेला.

अन्सेल्मो असा चिकट, की पिसू मेली तर तिचं कातडं वाळत घालील. दगडासाठी स्वतःचं जनावर कापायला त्याचा हात होईना. ऑगस्टात तो मेल्चोराच्याच दारात उभा.

"वहिनी, गुडघे धरलेत हो. चोळायला थोडी चरबी द्या."

"थोडी कशाला, भाऊजी? चांगली मूठभर घ्या."

इल्या ज्याच्या जनावराची चरबी खातो, त्याच्याच कळपाला जागतो. हे बाप थोरल्याला सांगतो. धाकट्याला कोण सांगणार? आम्ही गावातले थोरले जाणून होतो. गप्प बसलो. फुकटची करमणूक कोण मोडील?

मेल्चोराच्या अल्पाकांना जुळी होऊ लागली. लोकर इतकी दाट, की चावायला आलेला एक कोल्हा आत हरवला आणि थेट कातरणीला सापडला, चांगला गुबगुबीत. मी पाहिलाय. अन्सेल्मोची जनावरं मात्र उभ्या उभ्या मरत. दर ऑगस्टात तो येई, दर ऑगस्टात ती आणखी मोठा गोळा देई.

त्याच्याकडे एकच गाभण मादी उरली, तेव्हा मेल्चोरा आपणहून त्याच्या दारी गेली.

"भाऊजी, माझी चरबी खाऊन इल्या माझंच घर भरतोय. आपल्या जनावराची घाला की."

अन्सेल्मो पांढराफटक पडला. "आधी का नाही बोललात?"

"गुडघ्यांना कुणाचीही चालते, म्हटलं."

ऑगस्ट सरत आला होता. जमिनीचं तोंड मिटलं की वर्षभर उपास. दगड एकदा आपला झाला की गोठा आपोआप भरेल, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं सुरी उचलली. मादीच्या अंगातून नखभर चरबी निघाली आणि पोटात लोकर फुटू लागलेलं पिल्लू. रडत रडत त्यानं दगडाला भरवलं. दगड अखेर त्याचा झाला. गोठ्यात मात्र वारा.

सकाळी तो मेल्चोराच्या उंबऱ्यापाशी गुडघे टेकून बसला.

"एक मादी द्या, वहिनी. एकच."

"उठा, भाऊजी," दार लावून घेत ती म्हणाली, "गुडघे दुखतील."