हावरटाच्या पोटातली मऊमऊ

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. पण छताला लटकून गरगरणारा नव्हे. मी लोखंडी पेटीत बसतो आणि वारा ओढतो. मुलांनी हात लावून बघावे म्हणून जे संग्रहालय उभारले आहे, त्याच्या तळमजल्यावर, हात धुण्याच्या नळांशेजारी माझी जागा आहे.

माझी उमेदीची वर्षे लाकडाच्या वखारीत गेली. करवतीखाली उडणारा भुसा ओढून पोत्यात भरायचा, एवढेच माझे काम. वखार बंद पडली आणि मी भंगारात निघालो. तिथून मला एका बाईंनी उचलून आणले. संग्रहालयातली सगळी मोडतोड त्याच निस्तरतात, म्हणून मुले त्यांना मिस्त्रीकाकू म्हणतात. काकूंनी माझा गंज खरवडला, नवे बेअरिंग घातले आणि मला लांबलचक नळ्या जोडल्या. सरळ नळ्या आरपार दिसणाऱ्या, वळणे तेवढी पत्र्याची. खालच्या तोंडाशी रुमाल धरला की मी तो सुर्रकन ओढतो, भिंतीवरून पळवत छतापर्यंत नेतो आणि वरून सोडून देतो. खाली मुले हात पसरून उभी असतात. रुमाल तरंगत तरंगत कोणाच्या तरी डोक्यावर उतरतो आणि एकच गलका होतो. भुसा ओढायचो तेव्हा माझ्याकडे बघून कोणी हसले नव्हते. मुलांनी माझे नाव हावरट ठेवले. मला ते मनापासून आवडले.

पुढे वरच्या मजल्यावर बोट लावले की चित्रे हलवणारे चमचमणारे पडदे आले. मुले माझ्यासमोरून धावत जिना चढू लागली. त्यातच मी वरचेवर तुंबू लागलो. कोणी केसांचा पट्टा घालायचे, कोणी अर्धे बिस्किट. एके दिवशी संग्रहालयाचे साहेब काकूंना म्हणाले, "आता आणखी एकदा तुंबला ना, तर काढून टाकू. तिथेही पडदाच लावू." काकूंनी मला तेल घातले आणि पेटी पुसली.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. एक आई दोन मुलांना घेऊन आली. मुलगी सहा वर्षांची, मुलगा जेमतेम अडीचचा. त्याच्या मुठीत आईच्या जुन्या ओढणीचा एक पिवळा तुकडा होता, गाठी मारलेला आणि एका कोपऱ्याला चघळलेला. त्या तुकड्याचे नाव मऊमऊ. ती हातात नसेल तर हे महाराज जेवत नसत की झोपत नसत.

ताई माझ्यासमोर रांगेत दोनदा उभी राहिली. पहिल्यांदा भावाला शू लागली. दुसऱ्यांदा त्याचा बूट हरवला. तिसऱ्यांदा तिची पाळी आली, तिने रुमाल उचलला, आणि आई म्हणाली, "आधी त्याला करू दे गं, लहान आहे तो."

आई बुटाचा बंद बांधायला वाकली तेवढ्यात ताईने भावाच्या मुठीतून मऊमऊ ओढून घेतली आणि माझ्या तोंडाशी धरली.

मी ती गिळली. मला दुसरे काय येते? दुसऱ्या वळणावर ती अडकली. माझा श्वास कोंडला, अंग तापले, मी घरघरलो आणि बंद पडलो.

धाकटा मात्र वर बघत, दोन्ही हात पसरून उभा होता. मऊमऊ आता खाली येईल म्हणून तो बराच वेळ तसाच थांबला. मग तो जमिनीवर बसून रडू लागला. आईने पिशवी उलटी केली, रुमालांची टोपली उपसली. "ताई, तू पाहिलीस का गं?" ताईने मान हलवली, नाही म्हणून. ती नळाशी गेली आणि स्वच्छ हात पुन्हा पुन्हा धुऊ लागली.

काकू आल्या, मागोमाग साहेबही. "सगळं उघडायला अख्खा दिवस जाईल," साहेब म्हणाले. "राहू द्या. उद्या काढूनच टाका." कुठे दुखते आहे ते मला नेमके ठाऊक होते, पण सांगणार कसे?

काकू नळाशी जाऊन ताईशेजारी उकिडव्या बसल्या. "आत काहीतरी अडकलंय," त्या म्हणाल्या. "कुठपर्यंत गेल्याचा आवाज आला, ऐकलंस का तू?"

ताईने नळ बंद केला. "दुसऱ्या वळणापर्यंत. तिथे धप्प झालं." मग अगदी हळू म्हणाली, "मीच टाकलं. मुद्दाम टाकलं."

आईचा चेहरा उतरला. साहेब काही बोलणार, तोच काकू उठल्या. "साहेब, जाड किंवा गाठी मारलेलं कापड आत जाऊ नये म्हणून तोंडाला एक कडं असतं. ते मी सकाळी धुवायला काढलं आणि बसवायला विसरले. माझीही चूक आहे." ताई त्यांच्याकडे बघतच राहिली.

काकू स्टुलावर चढल्या. त्यांनी चार स्क्रू काढले, ते ताईने ओंजळीत धरले. मऊमऊ बाहेर आली, तेलाचा काळा पट्टा घेऊन. धाकट्याने ती हुंगली, नाक मुरडले, थोडा विचार केला आणि मग गालाशी घट्ट धरली.

"कडं आधी बसवा," एवढेच म्हणून साहेब जिना चढून गेले. म्हणून मी आजही इथे आहे.

आई ताईला म्हणाली, "याबद्दल आपण घरी बोलू." मग तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "पण तुझी पाळी राहिलीच की गं." तिने धाकट्याला कडेवर घेतले आणि टोपलीतला एक रुमाल ताईच्या हातात दिला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना खुशाल हात लावा, फिरवा, दाबा. आम्ही त्यासाठीच आहोत. फक्त तुमच्या हातून काही बिघडले, तर कुठे आणि कसे बिघडले तेवढे सांगा. आम्हाला बोलता येत नाही. सांगताना भीती वाटेल, समोरचा माणूस कदाचित रागावेलही. तरी सांगा. तोही कधीतरी काही बसवायला विसरलेला असतो.