वरच्या मजल्याचा पुकारा

माझ्या दारावरचं सील माझ्या वडिलांनी तोडलं. भाजी चिरायच्या सुरीने. आणि पाच महिने पालिकेच्या ज्या साहेबांना माझ्या दाराकडे फिरकायला सवड मिळाली नव्हती, ते तासाभरात गाडी घेऊन हजर झाले.

सगळं सांगते, पण शांतपणे सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका.

मी कवळ्या करते. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी प्लास्टरचा साचा ओतते, मेणात एकेक दात बसवते, मग पक्की कवळी करून घासूनपुसून देते. तळमजल्यावर माझा एवढासा गाळा. एक लांब टेबल, बर्नर, घासायची मोटर, मागे मोरी आणि फळीवर ओळीने लोकांचे जबडे. नवख्या माणसाला ते बघून कसंतरी होतं. मला मात्र एकेक जबडा बघून माणूस आठवतो.

आमच्या इमारतीचा मालक म्हणजे मजलेवाला. हे नाव मीच ठेवलंय. कुणाला न विचारता त्याने इमारतीवर आणखी एक मजला चढवला आणि तिथे पार्टीचा हॉल काढला. वर लोक नाचायला लागले की माझ्या छताचे पोपडे साच्यांवर पडायचे. मग छताला तडा गेला. बोट आत जाईल एवढा. मी पालिकेत रीतसर तक्रार केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेब आले, वर गेले, बराच वेळ वरच होते. खाली आले ते तोंड पुसत. हॉलला सील लावलं होतं म्हणे. मग म्हणाले, "इमारत धोकादायक आहे, बाई. तुमचा गाळापण सील करावा लागेल." दाराला माझंच कुलूप, कुलपावर कापडाची पट्टी, पट्टीवर वितळलेली लाल लाख, लाखेवर शिक्का. वरचं सील आठवडाभरही टिकलं नाही. मजलेवाल्याने ते ओरबाडून काढलं आणि पुन्हा गाणी सुरू केली. माझं सील तसंच राहिलं, कारण मी त्याला हात लावला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी इतका भोळा की दोर नीट धरून उभा!

हा भोळेपणा मला बाबांकडून आला. बाबा कोर्टात शिपाई होते, पुकारा करायचे. दाराशी उभं राहून नाव घ्यायचं आणि "हाजिर होऽऽ" म्हणून तीनदा हाक द्यायची. त्यांचा आवाज कोर्टाबाहेरच्या चहावाल्यापर्यंत जायचा. घरी जेवायलासुद्धा आम्हाला ते तसंच बोलवायचे, तिसऱ्या हाकेला ताटावर नसलं तर गैरहजर. एकच गोष्ट ते पुनःपुन्हा सांगायचे. "आरोपी मंत्री असो की पाकीटमार, आवाज तोच लावायचा. एकाला हळू आणि एकाला मोठ्याने, असं मी कधी केलं नाही."

"शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," मी त्यांना म्हटलं होतं.

"मी ती पायरी जन्मभर झिजवली," बाबा म्हणाले. "मग मी काय मूर्ख? चल."

गेलो. आणि जिंकलो! एकाच आदेशात दोन्ही गोष्टी स्वच्छ लिहिल्या होत्या. माझा गाळा कायदेशीर आहे, त्याचं सील ज्या साहेबांनी लावलं त्यांनीच पंचनामा करून ताबडतोब काढावं. वरचा मजला बेकायदा आहे, त्याला पुन्हा सील लावावं आणि मग तो पाडावा. बाबांनी आदेश दोनदा मोठ्याने वाचला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्या माणसाने मोठं काम करून दाखवावं, तसं त्यांना कोर्टाबद्दल वाटत होतं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. साहेब मीटिंगमध्ये. साहेब रजेवर. आदेशाची प्रत पोचली नाही. प्रत पोचली, पण फाईल वर गेलीय. वर गेलेली फाईल पाच महिने खाली येईना. शेवटी एक कारकून पुढे वाकून म्हणाला, "अहो बाई, तुम्हीच काढून टाका की. चिंधी आणि लाख, दुसरं काय आहे? कोण बघतंय?"

"सील तोडणं गुन्हा आहे," मी म्हटलं.

तो हसला. शेजारच्या टेबलावरची बाईही हसली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कायदा सांभाळायचा पगार घेणारी ही माणसं, आणि कायदा पाळते म्हणून मला हसत होती.

यात अडकल्या होत्या त्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांची कवळी मेणात लावून झाली होती आणि आत फळीवरच राहिली होती. नवीन करायला साहित्य सगळं आत, आणि दुसऱ्याकडे जायला पैसे नाहीत. होते ते त्यांनी मला आधीच दिले होते. तोंडावर रुमाल धरून बोलायच्या. "आयुष्यभर मुलांचे उच्चार सुधारले गं, आणि आता माझं नाव मलाच सांगता येत नाही."

त्या दिवशी त्या आल्या आणि खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघत राहिल्या. "ती तिसरी माझी ना?" त्यांनी विचारलं. वर हॉलमध्ये भरदुपारी गाणी दणाणत होती. बाबा माझ्या शेजारी उभे होते. ते घरी गेले आणि सुरी घेऊन आले.

मी ओरडले, "बाबा, नको!" तोवर पट्टी कापून झाली होती. सुरीचं टोक खाली करून ते उभे राहिले. "मोडला पोरी मी कायदा," म्हणाले.

खरं सांगते, त्या क्षणी मला साहेबांपेक्षा बाबांचाच राग आला. पाच महिने मी दात ओठ खाऊन सरळ राहिले ती कुणासाठी? मग त्यांचा चेहरा पाहिला आणि राग जिथे जायला हवा तिथे गेला. या माणसाच्या हातात सुरी देईपर्यंत छळलंत ना रे तुम्ही!

कुलूप उघडून मी आत शिरले. वरच्या गॅलरीतून मजलेवाला फोनवर बोलत होता. मग तासाभरात साहेब आलेच. बरोबर शिपाई, शिपायाच्या हातात लाखेची कांडी, मेणबत्ती आणि नवी पट्टी. तयारी अशी, की जणू घरचं कार्य आहे.

"सील कोणी तोडलं?"

"मी," बाबा म्हणाले.

"मी," मी म्हटलं.

"मग दोघांवर गुन्हा दाखल करतो."

मी आदेश त्यांच्या नाकासमोर धरला. "यात लिहिलंय, हे सील तुम्ही काढायचं. आलाच आहात तर करा पंचनामा."

"ते प्रकरण वेगळं, बाई. आज मी तक्रारीवरून आलोय."

"आणि वरचं सील कुठं गेलं?"

"त्याबद्दल तक्रार नाही."

"ही घ्या, आत्ता करते!"

"लेखी द्या. ऑफिसात." तेवढ्यात वरून दणका बसला आणि छताचा पोपडा साहेबांच्या खांद्यावर पडला. त्यांनी तो झटकला. वर बघितलंसुद्धा नाही! बळी तो कान पिळी हे मला माहीत होतं. पण कान पिळणाऱ्याची गाणी चालू असताना, ज्याचा कान पिळला त्यालाच दम देणारा माणूस मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते.

"बाहेर या, सील लावायचंय," साहेब म्हणाले.

मी आले नाही. शिपाई मेणबत्ती पेटवून थांबला होता. तोच हळूच म्हणाला, "साहेब, आत माणूस असताना लावता येत नाही."

मी स्टुलावर बसले आणि बर्नर पेटवला. "मग मी आतच आहे."

"पोलीस बोलवीन."

"बोलवा. येताना त्यांना वरूनच आणा."

पोलीस आले नाहीत. वरूनही नाही, खालूनही नाही. साहेब शिपायाला दाराशी बसवून गेले. मी बाहेर पाऊल टाकलं की त्याने सील लावायचं. गुन्हा मात्र लगेच दाखल झाला, समन्स खिडकीतून हातात आलं. बघा, मनात आणलं तर किती चपळ आहेत ते!

तेव्हापासून मी आत आहे. टेबलाखाली झोपते, मागच्या मोरीत अंघोळ करते, बाबा खिडकीतून डबा देतात. शिक्षिकाबाईंची कवळी मी पुरी केली आणि खिडकीतून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी तिथंच, पाठ वळवून, ती बसवली. मग वळल्या, शिपायाकडे बघितलं आणि स्पष्ट, स्वच्छ, शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "सत्यानाश होवो तुमच्या साहेबांचा." शिपायाने मान खाली घातली.

आज संध्याकाळी इमारतीसमोर गाड्या लागायला सुरुवात झाली. नटूनथटून आलेली माणसं जिना चढत होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, डबा माझ्याकडे दिला आणि जिन्याच्या पायथ्याशी जाऊन ताठ उभे राहिले.

"वरच्या मजल्याचे मालक... हाजिर होऽऽ!"

किती वर्षांनी ऐकला मी तो आवाज. थकला होता, पण तोच होता. शिपाई सवयीने उठून उभा राहिला. जिन्यावरची माणसं थबकली, एक बाई हसली, कुणीतरी म्हणालं, "म्हातारा सरकलाय." बाबांनी दुसऱ्यांदा हाक दिली. वर गाण्याचा आवाज वाढवला. बाबांनी तिसऱ्यांदा हाक दिली, तितक्याच आवाजात, ना हळू ना मोठ्याने.

मग नियमाप्रमाणे थोडं थांबले. जिन्यावरून कोणीही खाली आलं नाही. बाबा खिडकीशी आले आणि पूर्वी न्यायाधीशांपुढे उभे राहायचे तसे माझ्यापुढे उभे राहिले.

"गैरहजर," म्हणाले.

छताचा आणखी एक पोपडा टेबलावर पडला. मी तो पुसला. "उद्या पुन्हा करा, बाबा," मी म्हटलं. "मी हजर आहे."